केबीसीचे पहिले करोडपती हर्षवर्धन नवाथे: एक कोटी मिळाले, यूपीएससी राहून गेली, पुढे काय झालं?

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईचा २७ वर्षांचा एक मराठी तरुण अमिताभ बच्चन यांच्यासमोरच्या खुर्चीत बसला, १५ प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली आणि एक कोटी रुपये जिंकून उठला. नाव हर्षवर्धन नवाथे. 'कौन बनेगा करोडपती'चे ते पहिले करोडपती.

त्यांच्यानंतर केबीसीत एक कोटी, पाच कोटी, सात कोटी जिंकणारे येऊन गेले. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आज पटकन आठवत नाहीत. नवाथेंचं नाव मात्र 'पहिला करोडपती कोण?' या प्रश्नाचं उत्तर म्हणून सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत जाऊन बसलं. प्रश्नांची उत्तरं देऊन प्रसिद्ध झालेला माणूस स्वतःच एक प्रश्न झाला.

या यशाची दुसरी बाजूही आहे. नवाथे तेव्हा यूपीएससीची तयारी करत होते. ज्या अभ्यासाने त्यांना कोटी मिळवून दिले, तोच अभ्यास त्या कोटीमुळे सुटला. मग त्यांनी पुढे काय केलं? पैशांचं काय झालं? आज ते काय करतात? सविस्तर पाहू.

थोडक्यात ओळख

- नाव: हर्षवर्धन नवाथे
- ओळख: 'कौन बनेगा करोडपती'चे पहिले विजेते (२०००)
- जिंकलेली रक्कम: एक कोटी रुपये
- तेव्हाचं वय: २७
- तेव्हा काय करत होते: नागरी सेवा परीक्षेची तयारी
- नंतरचं शिक्षण: पुण्यात सिम्बायोसिसमधून एमबीए, त्यानंतर ब्रिटनमध्ये उच्च शिक्षण
- कामाचं क्षेत्र: सामाजिक संस्था आणि कंपन्यांचा सीएसआर विभाग
- पत्नी: मराठी अभिनेत्री सारिका निलाटकर

केबीसी आलं तेव्हा वातावरण कसं होतं?

नवाथे एवढे प्रसिद्ध का झाले हे समजायला आधी २००० साल समजून घ्यावं लागतं.

टीव्हीवरची प्रश्नमंजुषा भारतात नवी नव्हती. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' आधी रेडिओवर गाजली आणि मग टीव्हीवर आली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचं 'क्विझ टाइम' सुरू झालं. पण हे सगळे कार्यक्रम शाळा-कॉलेजांतल्या हुशार मुलांचे होते. इंग्रजी बोलणारी मुलं, शाळांचे संघ आणि बक्षीस म्हणून ढाल नाहीतर करंडक, असा एकूण थाट. घरातली आजी ते बघत बसेल अशी शक्यता कमीच होती.

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर केबीसी सुरू झालं आणि हे चित्र बदललं. कार्यक्रमाचा मूळ साचा ब्रिटिश. 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?' हा कार्यक्रम १९९८ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर सुरू झाला होता. भारतात तो हिंदीत आणताना निर्मितीची जबाबदारी सिद्धार्थ बसू यांच्याकडे आली आणि सूत्रसंचालनासाठी अमिताभ बच्चन यांना घेतलं गेलं.

अमिताभ तेव्हा ५७ वर्षांचे होते. एबीसीएल ही त्यांची कंपनी कर्जात बुडाली होती आणि सिनेमेही चालत नव्हते. मोठ्या पडद्यावरच्या नटाने टीव्हीवर येणं तेव्हा कमीपणाचं मानलं जायचं. केबीसीने अमिताभ यांनाही पुन्हा उभं केलं.

सोमवार ते गुरुवार, रात्री ९ ची वेळ. ज्यांच्या घरी केबल होती त्यांच्याकडे शेजारपाजार गोळा व्हायचा. 'लॉक किया जाए', 'कॉन्फिडेंट?' हे शब्द लग्नात, वर्गात, एसटीच्या रांगेत ऐकू यायला लागले. पण सुरुवातीचे तीन महिने उलटले तरी एक कोटीपर्यंत कुणीच पोहोचलं नव्हतं. हे बक्षीस खरंच कुणाला मिळतं का, की नुसतं दाखवण्यापुरतं आहे, अशी चर्चा सुरू होण्याइतका हा काळ होता. आणि मग नवाथे आले.

एक कोटी म्हणजे तेव्हा किती?

आज पुण्या-मुंबईत एक कोटीत बरा फ्लॅट मिळवायचा तरी शोधाशोध करावी लागते. २००० मध्ये मात्र हा आकडा सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडचा होता. एक अंदाज घ्यायचा तर सोन्याचा भाव बघा. त्या वर्षी १० ग्रॅम सोनं सरासरी ४,४०० रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे एक कोटीत साधारण २२ किलोहून जास्त सोनं आलं असतं. नोकरदार माणसाने आयुष्यभर नोकरी केली तरी एवढे पैसे एकत्र दिसत नसत, तेवढे एका खुर्चीत बसून मिळत होते.

खेळ कसा होता?

पहिल्या पर्वाचे नियम आजच्यापेक्षा बरेच सोपे होते. आधी दहा स्पर्धकांमध्ये 'फास्टेस्ट फिंगर फर्स्ट' व्हायचं. सगळ्यात कमी वेळात बरोबर उत्तर देणारा अमिताभ यांच्यासमोरच्या खुर्चीवर, म्हणजे हॉट सीटवर जायचा.

पुढे १५ प्रश्न. पहिला एक हजार रुपयांचा. पाचव्या प्रश्नाला १० हजार, दहाव्याला ३ लाख २० हजार, चौदाव्याला ५० लाख आणि पंधराव्याला एक कोटी. तीन लाइफलाइन होत्या: फिफ्टी-फिफ्टी, प्रेक्षकांचं मत आणि मित्राला फोन. घड्याळाची टिकटिक नंतरच्या पर्वांत आली. पहिल्या पर्वात स्पर्धक हवा तेवढा विचार करू शकत होता.

खरी मेख दोन पडावांत होती. पाचवा आणि दहावा प्रश्न हे सुरक्षित टप्पे. दहाव्या प्रश्नानंतर कुठेही चुकलं तर रक्कम थेट ३ लाख २० हजारांवर यायची. खेळ मध्येच सोडला तर तोवर जिंकलेले पैसे घेऊन घरी जाता यायचं.

आता नवाथेंची जागा लक्षात घ्या. चौदा प्रश्न झाले होते आणि ५० लाख नावावर होते. पंधरावा प्रश्न समोर आल्यावर दोन रस्ते होते. खेळ सोडायचा आणि ५० लाख घेऊन जायचं, किंवा उत्तर द्यायचं. बरोबर आलं तर आणखी ५० लाख. चुकलं तर हातातले ४६ लाख ८० हजार गेले. नोकरी नसलेल्या, परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणाला हा निर्णय कॅमेऱ्यासमोर घ्यायचा होता.

एक कोटीचा प्रश्न काय होता?

प्रश्न असा होता: यांपैकी कोणाला संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची परवानगी भारतीय राज्यघटना देते?

पर्याय होते सॉलिसिटर जनरल, अॅटर्नी जनरल, कॅबिनेट सेक्रेटरी आणि सरन्यायाधीश.

नवाथेंनी उत्तर दिलं अॅटर्नी जनरल. हेच बरोबर उत्तर.

पण हेच उत्तर का?

अॅटर्नी जनरल म्हणजे भारताचे महान्यायवादी. राज्यघटनेच्या कलम ७६ नुसार राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेली व्यक्तीच या पदावर येऊ शकते. केंद्र सरकारला कायदेविषयक सल्ला देणं हे त्यांचं मुख्य काम आणि देशातल्या कुठल्याही न्यायालयात त्यांना बाजू मांडता येते.

या प्रश्नाचं उत्तर कलम ८८ मध्ये आहे. या कलमानुसार महान्यायवादी लोकसभेत, राज्यसभेत, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत आणि ज्या संसदीय समितीवर त्यांचं नाव असेल त्या समितीत बोलू शकतात, कामकाजात भाग घेऊ शकतात. फक्त त्यांना मत देता येत नाही.

बाकीचे पर्याय का चुकतात तेही बघा. सॉलिसिटर जनरल हे पद महत्त्वाचं असलं तरी घटनेत त्याचा उल्लेखच नाही. कॅबिनेट सेक्रेटरी हे सर्वात वरिष्ठ सनदी अधिकारी, पण सभागृहात बोलण्याचा हक्क त्यांना नाही. सरन्यायाधीश न्यायव्यवस्थेचे प्रमुख, त्यांचा संसदेच्या चर्चेशी संबंध येत नाही.

राज्यात हीच भूमिका महाधिवक्ता बजावतात. कलम १६५ त्यांच्या नेमणुकीचं आणि कलम १७७ त्यांच्या विधिमंडळात बोलण्याच्या हक्काचं. नवाथे खेळले तेव्हा देशाचे महान्यायवादी होते सोली सोराबजी.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. राज्यघटनेच्या अभ्यासात हा भाग हमखास येतो. म्हणजे कोटीचा प्रश्न नवाथेंच्या रोजच्या अभ्यासातलाच निघाला. याला नशीब म्हणता येईल, पण ५० लाख पणाला लावण्याइतकी खात्री वाटायला तो अभ्यास झालेला असावा लागतो.

ब्रिटनच्याही आधी

एक गंमत फार कमी जणांना माहीत असते. हा कार्यक्रम मूळचा ब्रिटनचा, तिथे तो भारताच्या पावणेदोन वर्षं आधी सुरू झाला. पण तिथली पहिली दहा लाख पौंडांची विजेती, ज्युडिथ केपेल, २० नोव्हेंबर २००० रोजी जिंकली. म्हणजे नवाथे तिच्या आधी जिंकले होते. अमेरिकेत मात्र जॉन कार्पेंटर यांनी नोव्हेंबर १९९९ मध्येच सर्वोच्च बक्षीस मिळवलं होतं. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी वडिलांना फोन लावला. मदत मागायला नव्हे, आपण जिंकतोय हे सांगायला.

मग यूपीएससीचं काय झालं?

नवाथेंचे वडील पोलीस अधिकारी. घरात सरकारी सेवेचं वातावरण आणि मुलाचंही ध्येय तेच, नागरी सेवा. केबीसी ही त्या वाटेवर मध्येच आलेली एक गोष्ट होती.

पण भाग दाखवला गेला आणि एका रात्रीत चेहरा घराघरांत पोहोचला. मुलाखती, सत्कार, कार्यक्रमांची निमंत्रणं, रस्त्यात थांबवून सह्या मागणारे लोक. तेव्हा सोशल मीडिया नव्हता, वाहिन्याही मोजक्या होत्या. त्यामुळे एखादा माणूस गाजला की सगळा देश त्याच एका माणसाला बघत असायचा. आजच्यासारखं दुसऱ्या दिवशी नवं काही व्हायरल होऊन तो मागे पडत नसे.

या गडबडीत अभ्यास मागे पडला आणि परीक्षा राहून गेली. नवाथेंनी नंतरच्या मुलाखतींत हे मोकळेपणाने सांगितलं आहे.

त्या वेळी खुल्या प्रवर्गासाठी यूपीएससीची वयोमर्यादा ३० वर्षं होती आणि चार प्रयत्न मिळायचे. २७ व्या वर्षी फार सवड नसते. पूर्व, मुख्य आणि मुलाखत मिळून एका प्रयत्नाला जवळपास वर्ष लागतं. एक वर्ष गेलं की दोरीचं एक टोक हातातून सुटतं, हे परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पुणे, ब्रिटन आणि नवी सुरुवात

इथे नवाथेंपुढे एक सोपा रस्ता होता. प्रसिद्धी होती, चेहरा ओळखीचा होता, मनोरंजन क्षेत्राचं दार किलकिलं झालं होतं. 'केबीसीवाला' म्हणून आणखी काही वर्षं कार्यक्रम करत फिरता आलं असतं.

ते पुन्हा शिकायला गेले. पुण्यात सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस मॅनेजमेंटमधून त्यांनी एमबीए केलं. त्यानंतर पुढच्या शिक्षणासाठी ब्रिटनला, एडिनबरोला गेले. जिंकलेल्या पैशांतला एक भाग शिक्षणावर खर्च झाला. विचार केला तर त्या रकमेचा हा सर्वात टिकाऊ वापर ठरला, कारण पुढची सगळी कारकीर्द त्या पदव्यांवर उभी राहिली.

आता ते काय करतात?

परत आल्यावर नवाथे सामाजिक क्षेत्राकडे वळले. नांदी फाउंडेशन या संस्थेसोबत त्यांनी काम केलं. नंतर महिंद्रा समूहात सामाजिक उपक्रमांची जबाबदारी सांभाळली आणि पुढे ते जेएसडब्ल्यू फाउंडेशनमध्ये गेले.

या क्षेत्राला थोडक्यात सीएसआर म्हणतात, म्हणजे कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व. पूर्वी कंपन्या मनात आलं तर शाळा-दवाखान्याला देणगी द्यायच्या. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने चित्र बदललं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची, असा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला.

त्यामुळे हे पैसे कुठे लावायचे, गावात पाण्याचं काम आधी की शाळेचं, काम झालं की नाही हे कसं तपासायचं, यासाठी जाणती माणसं लागायला लागली. नवाथे कायदा येण्याच्या आधीपासून या क्षेत्रात होते.

सनदी अधिकारी होऊन जे विषय हाताळायचे असतात, शिक्षण, आरोग्य, गावांचा विकास, तेच विषय त्यांच्या वाट्याला दुसऱ्या दाराने आले. पद आणि अधिकार वेगळे, पण विषय तेच.

२००७ मध्ये त्यांचं लग्न मराठी मालिका आणि नाटकांतून दिसणाऱ्या अभिनेत्री सारिका निलाटकर यांच्याशी झालं. त्यांना दोन मुलं आहेत. नवाथे आता क्वचितच पडद्यावर दिसतात, तेही बहुतेक वेळा केबीसीच्या आठवणींसाठी.

एक कोटी जिंकले तर हातात किती येतात?

केबीसीबद्दल सर्वात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न. बक्षिसाच्या रकमेवर कर लागतोच. आयकर कायद्यानुसार अशा उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे. पगारावर मिळते तशी मूळ सूट किंवा वजावट इथे चालत नाही. आयोजक पैसे देतानाच टीडीएस कापतात.

२०१८-१९ नंतरच्या दरांनी, दुसरं काहीच उत्पन्न नाही असं धरून एक कोटीचा हिशेब असा होतो:

- ३० टक्के कर: ३० लाख
- त्यावर १० टक्के अधिभार: ३ लाख
- एकूण ३३ लाखांवर ४ टक्के उपकर: १ लाख ३२ हजार
- एकूण कर: ३४ लाख ३२ हजार
- हातात उरतात: ६५ लाख ६८ हजार

म्हणजे टीव्हीवर एक कोटी दिसले तरी साधारण एक तृतीयांश रक्कम करात जाते. अनेक विजेत्यांना टीडीएस कापल्यानंतरही अधिभार आणि उपकराचे पैसे भरायचे आहेत हे उशिरा कळतं. तोवर घर, गाडी, नातेवाईकांची उसनवारी यात रक्कम फिरलेली असते.

बाकीच्या विजेत्यांचं काय झालं?

नवाथेंची गोष्ट एकटी वाचली तर अपुरी वाटते. तीन विजेत्यांशी ती ताडून बघा.

रवी मोहन सैनी: २००१ मध्ये 'केबीसी ज्युनियर'मध्ये १४ वर्षांच्या रवीने एक कोटी जिंकले. त्याने पुढे एमबीबीएस केलं, मग यूपीएससी दिली आणि २०१४ च्या तुकडीतून गुजरात केडरचा आयपीएस अधिकारी झाला. २०२० मध्ये तो पोरबंदरचा पोलीस अधीक्षक झाला. नवाथेंची जी परीक्षा राहून गेली, ती सैनीला साधली. दोघांतला फरक वेळेचा आहे. सैनी जिंकला तेव्हा परीक्षेला अजून बरीच वर्षं होती, प्रसिद्धी ओसरायला आणि अभ्यासाला बसायला भरपूर अवधी होता. नवाथेंच्या बाबतीत परीक्षा आणि प्रसिद्धी एकाच वेळी दारात उभ्या राहिल्या.

सुशील कुमार: बिहारमधल्या मोतिहारीचा हा तरुण मनरेगामध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर होता. २०११ मध्ये त्याने पाच कोटी जिंकले. २०२० मध्ये त्याने स्वतःच फेसबुकवर लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वात वाईट काळ होता. कुणी मदतीच्या नावाखाली फसवलं, व्यवसाय बुडाले, व्यसन लागलं, घरात ताण आला. त्यातून तो बाहेर पडला, झाडं लावण्याच्या कामात रमला आणि नंतर शिक्षक झाला.

बबिता ताडे: अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिताताई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. मानधन महिन्याला १,५०० रुपये. २०१९ मध्ये त्यांनी एक कोटी जिंकले. त्यांचं वागणं, साधेपणा आणि उत्तरांमागचं वाचन यामुळे त्या महाराष्ट्राच्या लाडक्या झाल्या. अभ्यासाला कोचिंग क्लास लागतोच असं नाही, हे त्यांच्यामुळे अनेकांना पहिल्यांदा पटलं.

चौघांकडे बघितलं की एक गोष्ट दिसते. जिंकलेल्या रकमेचा आकडा आणि पुढचं आयुष्य यांचा थेट संबंध लागत नाही. सर्वात मोठी रक्कम सुशील कुमारला मिळाली आणि सर्वात जास्त फरफट त्याचीच झाली. नवाथेंजवळ घरचा आधार आणि शिक्षण होतं, शिवाय ते पुन्हा विद्यार्थी व्हायला तयार झाले.

हे आज का वाचायचं?

कारण नवाथेंसमोर आलेला पेच आज फार जास्त मुलांसमोर आहे, फक्त रूप बदललं आहे.

समजा जुन्नर तालुक्यातल्या येडगावचा एखादा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससी नाहीतर यूपीएससी करतोय. घरचे द्राक्षं-टोमॅटोच्या पैशातून खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे पाठवतात. त्याचा एखादा रील चालतो, लाखभर लोक बघतात, जाहिरातीसाठी फोन येतात. आता अभ्यास धरायचा की हे? दोन्ही करता येईल असं पहिल्या महिन्यात वाटतं. नवाथेंनाही प्रसिद्धी आणि परीक्षा एकत्र सांभाळता आल्या नाहीत, आणि तेव्हा तर हातात मोबाइलसुद्धा नव्हता.

दुसरी बाजू अशी की प्रश्नमंजुषेचं ज्ञान आणि स्पर्धा परीक्षेचं ज्ञान यात फार अंतर नाही आणि ते दूर कुठे शोधावंही लागत नाही. येडगावच्याच परिसराचं उदाहरण घ्या. कुकडी प्रकल्पातली पाच धरणं कोणती? येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे. यातलं मीना नदीवरचं कोणतं? वडज. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, कोणत्या तालुक्यात आहे? जुन्नर, खोडद गावाजवळ. शिवरायांचा जन्म झाला तो शिवनेरी कोणत्या तालुक्यात? तोही जुन्नर. हे सगळं रोज डोळ्यांसमोर असतं. फक्त ते माहिती म्हणून लक्षात ठेवायची सवय लागते.

आणि भाषेची अडचणही आता कमी झाली आहे. २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर हा कार्यक्रम मराठीत आला, सूत्रसंचालक सचिन खेडेकर. पुढे स्वप्नील जोशी यांनीही तो केला. २०१९ मध्ये सोनी मराठीवर 'कोण होणार करोडपती' आला तेव्हा त्या खुर्चीत नागराज मंजुळे होते. त्यानंतर खेडेकर पुन्हा परतले.

केबीसीच्या नावाने मेसेज आलाय?

जाता जाता एक महत्त्वाची सूचना. 'तुमच्या नंबरला केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली' असा मेसेज किंवा व्हॉइस नोट व्हॉट्सअॅपवर आली असेल तर ती शंभर टक्के फसवणूक आहे. केबीसी ही लॉटरी नाही. तिथे प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय एक रुपयाही मिळत नाही. पोलिसांनी याबद्दल अनेकदा इशारे दिले आहेत.

बक्षीस सोडवण्यासाठी आधी कर भरा, प्रोसेसिंग फी भरा, असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. खऱ्या बक्षिसात कर रकमेतून कापला जातो, विजेत्याकडून आधी मागितला जात नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आज नवाथे कुठे आहेत?

पाव शतक उलटलं. केबीसीची पर्वं येत गेली, बक्षिसाची रक्कम एक कोटीवरून सात कोटींपर्यंत गेली, फोन लावून नाव नोंदवायचे दिवस जाऊन अॅप आलं. अमिताभ बच्चन ऐंशी ओलांडून गेले तरी त्याच खुर्चीत बसताना दिसले.

नवाथे मात्र त्या खुर्चीतून उठून वेगळ्या कामाला लागले. सनदी सेवेत जायचं ठरवलेला माणूस तिथे पोहोचला नाही, पण ज्या लोकांसाठी ती सेवा असते त्यांच्यासाठीच्या कामात त्यांनी कारकीर्द केली. पहिला करोडपती ही ओळख कायम राहील. ती मिळाली तेव्हा ते २७ वर्षांचे होते. त्यानंतरचं सगळं त्यांनी शिकून आणि नोकरी करून मिळवलं.